नर्मदेच्या तंट्यातील छोटा भागीदार

शहाद्याच्या उत्तरेस सातपुड्याची रांग आहे आणि त्या रांगेपलीकडे नर्मदा वाहते. शहादा तालुका तापीच्या खोऱ्यात येतो. गोमाई नदी याच तालुक्यातून वाहत जाऊन प्रकाशा येथे तापीला मिळते. भूगोलाने या तालुक्याचा नर्मदेशी संबंध नाही. तरीही तालुक्यातील वडछील येथे आणि शेजारच्या तळोदा तालुक्यातील सोमावल, रोझवा आदी ठिकाणी ज्या वसाहती उभ्या राहिल्या, त्या नर्मदाकाठच्या माणसांच्या आहेत. सरदार सरोवराच्या बुडीत क्षेत्रातील भिल्ल आणि पावरा कुटुंबे डोंगर ओलांडून येथे येऊन वसली.

ही कुटुंबे येथे का आली, याचे उत्तर केवळ धरणाच्या भिंतीत शोधून चालत नाही. चार राज्यांनी जवळजवळ दोन दशके केलेल्या वाटाघाटी, झालेले आणि मोडलेले करार, जुळलेल्या आणि विरलेल्या आघाड्या यांत ते दडलेले आहे. या साऱ्या व्यवहारात महाराष्ट्राची भूमिका सर्वांत छोट्या भागीदाराची होती. संघराज्यात छोटा घटक कोणाशी हातमिळवणी करतो, त्यातून काय मिळवतो आणि त्याची किंमत कोण मोजतो, हे समजून घेण्यासाठी नर्मदेच्या तंट्याइतके बोलके उदाहरण महाराष्ट्रात दुसरे क्वचितच सापडेल.

छोट्या घटकापुढील पेच

अनेक राज्यांनी वा देशांनी मिळून बनलेल्या संघात छोट्या घटकापुढे एक मूलभूत पेच असतो. मते लोकसंख्येच्या प्रमाणात दिली, तर त्याच्या मताला किंमत उरत नाही; सर्वांना समान मत दिले, तर मोठे घटक नाराज होतात. युरोपीय आर्थिक समुदायाचा प्रारंभ झाला तेव्हाचे उदाहरण या दृष्टीने मासलेवाईक आहे. १९५८ मध्ये सहा देशांच्या मंत्रिपरिषदेत जर्मनी, फ्रान्स आणि इटली यांना प्रत्येकी ४, नेदरलँड्स आणि बेल्जियम यांना प्रत्येकी २, तर लक्झेंबर्गला १ मत होते. एकूण १७ मतांपैकी १२ मते पडली की आयोगाचा प्रस्ताव संमत होई. इतर पाचही देशांची मते सम संख्येत असल्याने त्यांची बेरीज ११ होणे शक्यच नव्हते. परिणामी अशा मतदानात लक्झेंबर्गच्या एका मताने पारडे फिरण्याची शक्यता गणिताने शून्य होती!

तरीही लक्झेंबर्ग निष्प्रभ ठरला नाही. बेल्जियम आणि नेदरलँड्स यांच्याशी त्याने १९४४ मध्येच जकात संघाचा करार केला होता. ‘बेनेलक्स’ या नावाने ओळखली जाणारी ही तिघांची जोडणी युरोपीय समुदायात एकत्रितपणे बोलत राहिली. शिवाय समुदायाच्या संस्थांना आपल्या भूमीवर जागा देऊन या चिमुकल्या देशाने आपले महत्त्व वाढवले. छोट्या घटकाचे बळ मतांच्या संख्येत नसते. समान हितसंबंध असलेला जोडीदार, इतरांना हवे असलेले काहीतरी आपल्या हाती असणे आणि लेखी नियमांनी बांधलेली संस्था या तीन गोष्टींत ते असते.

भारतीय संघराज्यातही हा पेच दोन्ही रूपांत दिसतो. राज्यसभेत महाराष्ट्राला १९ जागा आहेत, गोव्याला १. याउलट २०१६ मध्ये स्थापन झालेल्या वस्तू व सेवा कर परिषदेत प्रत्येक राज्याच्या मताचे वजन सारखे आहे. तेथे गोवा आणि महाराष्ट्र एकाच पायरीवर उभे असतात. नद्यांच्या तंट्यात मात्र मतदान नसते. तेथे किनारा कोणाचा, पाणी कोणत्या क्षेत्रातून येते आणि जमीन कोणाची बुडते, यावर वजन ठरते.

मोठे राज्य, छोटा वाटा

लोकसंख्या, उद्योग आणि राजकीय प्रभाव या सर्व बाबतींत महाराष्ट्र हे देशातील मोठे राज्य आहे. परंतु नर्मदेच्या संदर्भात त्याचे स्थान अगदी किरकोळ आहे. नर्मदेची एकूण लांबी १,३१२ किलोमीटर. त्यापैकी १,०७७ किलोमीटर प्रवाह मध्य प्रदेशात आणि शेवटचा १६१ किलोमीटर गुजरातेत आहे. मधला ३५ किलोमीटरचा टप्पा मध्य प्रदेश व महाराष्ट्र यांची, तर ३९ किलोमीटरचा टप्पा महाराष्ट्र व गुजरात यांची सीमा आहे. म्हणजे महाराष्ट्राच्या वाट्याला नर्मदेचा जेमतेम ७४ किलोमीटर लांबीचा एकच काठ येतो आणि तोही अक्कलकुवा व अक्राणी या दोन दुर्गम तालुक्यांत. हे तालुके पूर्वी धुळे जिल्ह्यात होते. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आल्यावर ते त्यात समाविष्ट झाले.

या काठाचे महत्त्व पाण्यात नव्हते, उतारात होते. नदी येथे अरुंद घळीतून वाहते. धरण बांधले तर वीज निर्माण होऊ शकते, परंतु डोंगर ओलांडून पाणी दक्षिणेकडे नेणे कठीण. त्यामुळे नर्मदेच्या प्रश्नात महाराष्ट्राचा दावा प्रारंभापासून मुख्यतः विजेवर होता. गुजरातला सिंचनासाठी पाणी हवे होते, मध्य प्रदेशाला पाणी आणि वीज दोन्ही हवे होते. हितसंबंधांची ही मांडणी लक्षात घेतली, म्हणजे पुढील आघाड्यांचा अर्थ लागतो.

भोपाळ करार आणि जलसिंधी करार

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र आणि गुजरात ही राज्ये स्थापन झाली. पुढच्याच वर्षी, ५ एप्रिल १९६१ रोजी, पंतप्रधान पंडित नेहरू यांच्या हस्ते नवागाम येथील धरणाची कोनशिला बसली. तेव्हा नियोजित धरणाची पूर्ण संचय पातळी १६२ फूट होती. लवकरच गुजरातने अधिक उंचीचा आग्रह धरला आणि वादाला तोंड फुटले.

नोव्हेंबर १९६३ मध्ये केंद्रीय मंत्री डॉ. के. एल. राव यांच्या उपस्थितीत गुजरात व मध्य प्रदेश यांच्या मुख्यमंत्र्यांमध्ये भोपाळ येथे करार झाला. नवागामची पातळी ४२५ फूट ठेवावी आणि वरच्या अंगाला मध्य प्रदेशाने पुनासा धरण बांधावे, असे ठरले. या करारात महाराष्ट्राचाही उल्लेख होता. पुनासाच्या विजेतील मध्य प्रदेशाच्या हिश्शापैकी निम्मी वीज महाराष्ट्राला २५ वर्षे मिळावी आणि त्या बदल्यात महाराष्ट्राने धरणाच्या एक तृतीयांश खर्चाइतके कर्ज द्यावे, अशी ती तरतूद होती. करार मात्र दोनच राज्यांमधला होता. ज्याच्या नावाने देणेघेणे ठरले, तो त्या कराराचा पक्षच नव्हता. छोट्या भागीदाराच्या वाट्याला येणारी ही नेहमीची स्थिती होय.

मध्य प्रदेशाने पुढे या कराराला मान्यता दिली नाही. केंद्राने १९६४ मध्ये नेमलेल्या खोसला समितीने १९६५ मध्ये नवागामची पातळी ५०० फूट असावी, अशी शिफारस केली. इतक्या उंचीच्या धरणाने मध्य प्रदेशाच्या निमाड भागातील सुपीक जमीन तर बुडणार होतीच. शिवाय महाराष्ट्र-मध्य प्रदेश सीमेवरील जलसिंधी येथील वीजप्रकल्पाची जागाही पाण्याखाली जाणार होती. त्याच वर्षी महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांनी जलसिंधी धरण संयुक्तपणे बांधण्याचा करार केला. खोसला समितीची शिफारसही दोघांनी अमान्य केली.

जलसिंधी करार ही छोट्या घटकाने केलेली नमुनेदार आघाडी म्हणता येईल. दोन्ही राज्यांचा तोटा एकच होता, म्हणून जोडी जुळली. एकट्या महाराष्ट्राच्या विरोधाची फारशी दखल घेतली गेली नसती. परंतु नदीचा सर्वाधिक प्रवाह ज्याच्या भूमीतून वाहतो, त्या राज्याशी हात मिळवल्याने त्याचा दावा बाजूला सारणे अवघड झाले. युरोपीय संघातही अशाच मुद्द्यापुरत्या आघाड्या आढळतात. ब्रिटनने बाहेर पडण्याचा निर्णय घेतल्यावर नेदरलँड्स, आयर्लंड, डेन्मार्क, स्वीडन, फिनलंड आणि तीन बाल्टिक देश यांच्या अर्थमंत्र्यांनी २०१८ मध्ये आर्थिक धोरणावर एकत्रित भूमिका मांडली. मोठा समविचारी साथीदार जाणार, या जाणिवेने छोटे एकत्र आले होते.

काठ नसलेल्या राजस्थानचा प्रवेश

तडजोड होत नाही असे पाहून गुजरातने जुलै १९६८ मध्ये आंतरराज्य पाणीतंटा कायदा, १९५६ अन्वये केंद्राकडे तक्रार केली. ६ ऑक्टोबर १९६९ रोजी न्या. व्ही. रामस्वामी यांच्या अध्यक्षतेखाली नर्मदा पाणीतंटा लवाद स्थापन झाला. काही दिवसांतच राजस्थानचा दावाही लवादाकडे सोपविण्यात आला. नर्मदा राजस्थानातून वाहत नाही आणि तिच्या खोऱ्याचा कोणताही भाग त्या राज्यात नाही. महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांनी या सहभागास हरकत घेतली. फेब्रुवारी १९७२ मध्ये लवादाने राजस्थानविरुद्ध निर्णय दिला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि लवादाचे काम रखडले.

राजस्थानकडे नदी नव्हती, पण जोडीदार होता. राजस्थानच्या कोरड्या भागापर्यंत पाणी न्यायचे, तर कालवा उंचावरून काढावा लागणार होता आणि उंच कालव्यासाठी उंच धरण हवे होते. गुजरातलाही नेमके तेच हवे होते. त्यामुळे राजस्थानची गरज गुजरातच्या युक्तिवादाला बळ देणारी ठरली. एका आघाडीत मध्य प्रदेश-महाराष्ट्र आणि दुसरीत गुजरात-राजस्थान, अशी ही विभागणी झाली.

अखेर कोंडी न्यायालयाबाहेर फुटली. १२ जुलै १९७४ रोजी महाराष्ट्राचे मुख्यमंत्री वसंतराव नाईक, मध्य प्रदेशाचे प्रकाशचंद्र सेठी, राजस्थानचे हरिदेव जोशी आणि राष्ट्रपती राजवट असलेल्या गुजरातच्या राज्यपालांचे सल्लागार यांच्यात समझोता झाला. वापरता येण्याजोगे पाणी २८० लाख एकर-फूट धरावे, त्यातून महाराष्ट्राला अडीच लाख आणि राजस्थानला पाच लाख एकर-फूट द्यावे, उरलेल्या पाण्याचे मध्य प्रदेश व गुजरात यांच्यातील वाटप आणि धरणाची उंची लवादाने ठरवावी, असे मान्य झाले. काठ असलेल्या राज्याच्या दुप्पट पाणी काठ नसलेल्या राज्याला मिळाले!

लवादाचा निवाडा

लवादाने ऑगस्ट १९७८ मध्ये निर्णय दिला आणि अंतिम आदेश डिसेंबर १९७९ मध्ये राजपत्रात प्रसिद्ध झाला. त्यातील वाटप पुढीलप्रमाणे आहे :

पाणी (लाख एकर-फूट) : मध्य प्रदेश १८२.५, गुजरात ९०, राजस्थान ५, महाराष्ट्र २.५.

वीज : मध्य प्रदेश ५७ टक्के, महाराष्ट्र २७ टक्के, गुजरात १६ टक्के.

धरणाची पूर्ण संचय पातळी : ४५५ फूट (१३८.६८ मीटर).

बुडीत क्षेत्रातील गावे : मध्य प्रदेश १९३, महाराष्ट्र ३३, गुजरात १९.

हे आकडे एकत्र पाहिले म्हणजे जलसिंधीच्या आघाडीचा जमाखर्च स्पष्ट होतो. खोसला समितीच्या ५०० फुटांपेक्षा पातळी ४५ फुटांनी खाली आली. पाण्यात एक टक्क्याहून कमी वाटा असलेल्या महाराष्ट्राला विजेत चौथ्या हिश्शाहून अधिक वाटा मिळाला. प्रकल्पाची स्थापित क्षमता १,४५० मेगावॉट असल्याने हा वाटा सुमारे ३९० मेगावॉटचा होतो. मध्य प्रदेश व महाराष्ट्रातील भूसंपादन आणि पुनर्वसन यांचा खर्च गुजरातने सोसावा, हेही निवाड्यात नमूद झाले. पंचवीस टक्क्यांहून अधिक जमीन गमावणाऱ्या कुटुंबाला किमान दोन हेक्टर जमीन, सज्ञान मुलास स्वतंत्र कुटुंबाचा दर्जा आणि बुडिताच्या एक वर्ष आधी पुनर्वसन या तरतुदी त्या काळी देशात अपवादात्मक होत्या.

निवाड्याच्या अंमलबजावणीसाठी १९८० मध्ये नर्मदा नियंत्रण प्राधिकरण स्थापन झाले. त्यात चारही राज्यांना प्रतिनिधित्व आहे. प्राधिकरणाच्या निर्णयांच्या फेरविचारासाठी असलेल्या समितीवरही केंद्रीय मंत्र्यांसमवेत चारही मुख्यमंत्री असतात. पाण्याचा वाटा कितीही असो, बैठकीतील खुर्ची सारखीच. भोपाळला ज्याला जागा नव्हती, त्याला येथे ती कायमची मिळाली.

हितसंबंध फिरले

आघाडीचा दुसरा अध्याय मात्र वेगळा आहे. धरण जितके उंच, तितकी वीज अधिक. निवाड्यापूर्वी उंच धरण ही महाराष्ट्राच्या दृष्टीने हानी होती. २७ टक्के विजेचा हक्क मिळाल्यावर तेच धरण पूर्ण होणे राज्याच्या फायद्याचे ठरले. राज्याचे हित गुजरातच्या हिताजवळ सरकले आणि स्वतःच्या ३३ गावांपासून दूर गेले. ज्या बुडिताच्या आधारे विजेवरील दावा उभा राहिला होता, ते बुडीत सोसणारी माणसे आणि वीज वापरणारी माणसे एक नव्हती.

अक्कलकुवा तालुक्यातील ९ आणि अक्राणी तालुक्यातील २४ गावे बुडितात येत होती. राज्यातील सुमारे साडेनऊ हजार हेक्टर क्षेत्र पाण्याखाली जाणार होते आणि त्यात जंगलाचा भाग मोठा होता. कागदोपत्री नावावर जमीन नसलेल्या, परंतु पिढ्यान्‌पिढ्या तीच कसणाऱ्या कुटुंबांच्या हक्काचा प्रश्न यातूनच उभा राहिला. पुनर्वसनासाठी तळोद्याचे ४,२०० हेक्टर वनक्षेत्र मोकळे करण्यात आले. मात्र त्या जंगलावर तेथील स्थानिक आदिवासींचीही उपजीविका चालत होती. एका आदिवासी समूहाचे पुनर्वसन दुसऱ्याच्या चरितार्थावर आले.

सर्वोच्च न्यायालयाने १८ ऑक्टोबर २००० रोजी बहुमताने धरणास परवानगी दिली, तेव्हा उंची पुनर्वसनाच्या प्रगतीबरोबर टप्प्याटप्प्यानेच वाढवावी, अशी अट घातली. प्रत्येक टप्प्याआधी तिन्ही राज्यांतील तक्रार निवारण प्राधिकरणांचा विचार घेणे आवश्यक ठरले. अशा प्रकारे महाराष्ट्राच्या हाती एक महत्त्वाचे साधन आले. पुनर्वसन पूर्ण झाल्याखेरीज होकार देणार नाही, असे सांगण्याची जागा नियमातच होती. राज्य शासनाने २००१ मध्ये न्या. एस. एम. दाऊद यांच्या समितीकडून पुनर्वसनाची पाहणीही करून घेतली. तरीही २००६ पर्यंत भिंत १२१.९२ मीटरपर्यंत पोहोचली. कोणाचे पुनर्वसन झाले आणि कोण यादीबाहेर राहिले, याविषयीचा वाद भिंतीबरोबरच वाढत गेला. १३८.६८ मीटरपर्यंतच्या कामास जून २०१४ मध्ये मंजुरी मिळाली, १७ सप्टेंबर २०१७ रोजी धरणाचे लोकार्पण झाले आणि सप्टेंबर २०१९ मध्ये जलाशय प्रथमच पूर्ण भरला.

गावांची आघाडी

राज्यांच्या बैठकीत ज्यांना खुर्ची नव्हती, त्या गावांनी आपली स्वतंत्र आघाडी बांधली. महाराष्ट्रात १९८६ मध्ये नर्मदा धरणग्रस्त समिती स्थापन झाली. मध्य प्रदेशातील संघटनेशी तिचा समन्वय होऊन पुढे नर्मदा बचाओ आंदोलन आकारास आले. सातपुड्यातील भिल्ल-पावरा शेतकरी आणि निमाडमधील सधन शेतकरी यांची भाषा, जमिनीचा पोत आणि सामाजिक स्थान यांत मोठी तफावत होती. बुडिताची रेषा मात्र दोघांच्याही दारातून जात होती. जलसिंधी करारामागचे तत्त्वच येथे गावपातळीवर उतरले, फक्त पक्ष बदलले होते.

१९९९ च्या पावसाळ्यात आंदोलनाने अक्राणी तालुक्यातील डोमखेडी आणि समोरच्या काठावरील मध्य प्रदेशातील जलसिंधी या दोन गावांत सत्याग्रह केला. चौतीस वर्षांपूर्वी दोन राज्यांच्या करारात धरणाची जागा म्हणून आलेले नाव आता वाढत्या पाण्यात उभ्या राहिलेल्या माणसांमुळे देशाला माहीत झाले.

या आघाडीलाही संघाबाहेरचा जोडीदार लाभला. जागतिक बँकेने १९८५ मध्ये प्रकल्पासाठी ४५ कोटी डॉलरचे साहाय्य मंजूर केले होते. अमेरिका, युरोप आणि जपानमधील संघटनांच्या पाठिंब्याने आंदोलनाने बँकेवर दबाव आणला. ब्रॅडफोर्ड मोर्स यांच्या समितीचा प्रतिकूल अहवाल १९९२ मध्ये आला आणि मार्च १९९३ मध्ये उर्वरित कर्ज थांबले. धरण मात्र थांबले नाही. गुजरातने स्वतःच्या निधीतून काम पुढे नेले. बाहेरच्या मित्राची मदत कोठपर्यंत पोहोचते, याचीही यातून कल्पना आली.

पाणी डोंगरापलीकडेच

महाराष्ट्राच्या अडीच लाख एकर-फूट पाण्याचे आजच्या भाषेतील माप १०.८९ अब्ज घनफूट, म्हणजेच टीएमसी, इतके होते. त्यातील काही पाणी बोगद्यांद्वारे सातपुड्याच्या दक्षिणेस तापी खोऱ्यात वळवावे आणि काही पाण्याच्या मोबदल्यात गुजरातच्या उकाई धरणाच्या फुगवट्यातून पाणी घ्यावे, असे नियोजन पुढे आले. असे झाल्यास त्याचा लाभ शहादा-तळोदा परिसराला होऊ शकतो. परंतु डोंगर फोडण्याचा खर्च मोठा असून योजना दीर्घकाळ आराखडे आणि चर्चा यांतच राहिली. दरम्यान काठ नसलेल्या राजस्थानात नर्मदेचे पाणी २००८ मध्येच पोहोचले, कारण त्याचा कालवा जोडीदाराच्या कालव्याचाच पुढचा भाग होता.

दोन छोट्या भागीदारांच्या नशिबातला हा फरक बारकाईने पाहण्याजोगा आहे. राजस्थानची आघाडी पाणी प्रत्यक्ष शेतात येईपर्यंत टिकणे गुजरातच्याही सोयीचे होते. महाराष्ट्राची आघाडी विरोधासाठी झाली होती. निवाडा होताच तिचे प्रयोजन संपले. विरोधातून वाटा मिळवता आला, तो प्रत्यक्षात आणण्यासाठी मात्र कोणी जोडीदार उरला नाही.

निवाड्यातील पाणीवाटपाचा फेरविचार राजपत्रातील प्रसिद्धीपासून ४५ वर्षांनंतर करता येईल, अशी तरतूद होती. ती मुदत डिसेंबर २०२४ मध्ये पूर्ण झाली. पुढे फेरविचाराची वेळ आली, तर महाराष्ट्र पुन्हा अडीच लाख एकर-फुटांच्या हक्कानिशी त्याच बैठकीत बसेल. तेव्हा जोडीदार कोणता निवडावा, याइतकाच महत्त्वाचा दुसरा प्रश्न असेल. राज्याच्या वतीने जो वाटा मागितला जाईल, त्यात वडछील आणि सोमावल येथे येऊन वसलेल्यांचा, तसेच काठावरच राहिलेल्या मणिबेली, चिमलखेडी, डोमखेडी, भादल या गावांचा हिस्सा किती, हे आधी लेखी ठरवले जाते की नाही, यावर त्या आघाडीचे खरे मोल ठरेल.